नाक्यानाक्यावरची मुंबई

नोकरीसाठी साताऱ्याहून मुंबईला आले, लालबागच्या चाळीत आत्याकडे राहू लागले आणि पहिल्याच पावसाळ्यात दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी भरली. १८९८ सालची ही संस्था. तिथल्या एका बाईंनी ‘मुंबईत नवीन आहेस ना, मग हे वाच’ म्हणत भाऊ पाध्यांचं ‘वासूनाका’ हातात ठेवलं.

पोटमाळ्यावर दिवा लावून ते वाचत होते तेव्हा खाली नाक्यावर पोरांचा गलका चालू होता. पुस्तकातला पोक्या आणि त्याचे दोस्त बोलत होते ते तसंच. १९६५ साली हे पुस्तक आलं, तेव्हा आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून त्यावर झोड उठवली होती. मला मात्र त्या शिव्यांच्या आड रिकामे हात आणि एका खोलीत आई-बाप-भावंडांसह काढलेली वर्षं दिसत राहिली. पाध्ये कामगार चळवळीत होते, वृत्तपत्रात होते. पोरांची फुशारकी ते जराही साफसूफ करत नाहीत, आणि त्यांच्यावर दयाही दाखवत नाहीत. मुंबईवर लिहिणाऱ्यांत माझ्या लेखी ते सगळ्यांत वरचे. त्यांना हयातीत मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

त्यानंतर सवयच लागली. पुस्तक वाचायचं आणि रविवारी त्यातल्या वस्तीत चालत फिरायचं. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं, तेव्हा अख्खं शहर एका पुस्तकात मावलं. पुढे ते कुणा एकाच्या आवाक्यात राहिलं नाही. ज्याने त्याने आपापला तुकडा लिहिला आणि माझ्या मते चांगलं लिहिलं ते त्यामुळेच. बाबुराव बागुलांच्या मागे माटुंगा लेबर कॅम्प उभा आहे. नारायण सुर्व्यांच्या मागे गिरणगाव आहे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना उचलून घरी आणलं, म्हणून तर ते सुर्वे झाले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला, तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. त्या कवितांतल्या कामाठीपुऱ्याकडे मी आत्येभावाला घेऊन दिवसाउजेडी गेले, पण फार थांबवलं नाही. तिथल्या बायकांकडे बघत उभ्या राहणाऱ्यांत आणखी एकीची भर नको वाटली. घरी येऊन कविताच पुन्हा वाचल्या.

काळा घोडा मात्र मला मनसोक्त पाहता आला. सातव्या एडवर्डचा काळ्या घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, तरी लोकांनी नाव सोडलं नाही. २०१७ मध्ये स्वाराशिवायचा नवा घोडा बसवला. या चौकातल्या वेसाइड इन या उपाहारगृहात अरुण कोलटकर वर्षानुवर्षं येऊन बसत. खिडकीतून दिसणारा तो तिकोनी चौक, झाडूवाल्या बायका, भटका कुत्रा, फुटपाथवर इडली खाणारी माणसं, एवढ्यावर त्यांनी ‘काला घोडा पोएम्स’ उभं केलं. पुस्तक इंग्रजीत, पण नजर मराठी संतकवींवर पोसलेली. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने ते २००४ मध्ये काढलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कोलटकर गेले. मी सकाळी लवकर जाऊन फुटपाथच्या कडेला बसले. पालिकेची झाडूवाली आली, कचऱ्याचा ढीग करून गेली. एरवी मी तिच्याकडे पाहिलंही नसतं. त्या दिवशी तिचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं.

जयंत पवार माझ्या वाट्याला सगळ्यांत उशिरा आले, आणि घरातच आले. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गिरणीच्या साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. मामा याविषयी बोलत नसत. एका संध्याकाळी मी पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक मोठ्याने वाचत होते. संपानंतर विस्कटलेलं गिरणगावातलं घर, पोरांकडे बघत दिवस काढणारी आई, टोळीच्या वाटेला लागलेला मुलगा. मामांनी टीव्ही बंद केला.

“लिहिणारा कुठला गं?”

“इथलाच, मामा. गिरणगावातला.”

“मग बरोबर. पुढचं वाच.”

अंक संपल्यावर ते बोलू लागले. बदली कामगार म्हणून पहाटे गेटवर उभं राहणं, खाडा झाला की जॉबरची बोलणी, संपात आत्याने मोडलेल्या पाटल्या. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, “पाटल्या नव्हत्या, बोरमाळ होती.” त्यावर दोघांची बराच वेळ जुंपली.

तेव्हापासून मी वहीत उतरवून घेते आहे. मामा सांगतात, आत्या दुरुस्त्या करते, आणि मी दोघांचंही लिहिते. कुठल्या गिरणीचा भोंगा किती वाजता व्हायचा, खानावळवाल्या बाईची उधारी कशी चालायची, पगाराच्या दिवशी गेटबाहेर कोण कोण उभं असायचं. पुढच्या रविवारी वायंडिंग खात्यात काम केलेल्या शेजारच्या आजी येणार आहेत. त्यांनी दोन नव्या वह्या आणून ठेवायला सांगितलं आहे.