ढाळ

"काकू, एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी नव्या ओट्यावर चहा," असं कंत्राटदार म्हणाला, तेव्हा तो जुन्या ओट्यावर केलेला चहा पीत होता. आईने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. २०२३ साल, अधिक श्रावण नुकताच संपलेला. १८ ऑगस्टला फोडाफोड सुरू केली, तर १९ सप्टेंबरच्या गणपतीआधी अकरा दिवस हातात राहत होते. आमची कोथरूडमधली इमारत १९८९ची, पाइप गंजलेले, ओट्याखालचा कडप्पा तडकलेला. तिने होकार दिला.

अंदाजपत्रक म्हणजे त्याच्या डायरीतून फाडलेलं एक पान. आकडा ३ लाख ४० हजार, निम्मे आधी. "पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी लागेल, बघा." म्हणजे ६१ हजार २०० रुपये वर. आम्ही बघितलं, आणि शहाणपणा केल्यासारखं वाटून पक्कं बिल नको म्हणालो.

फोडायला माणसं वेळेवर येतात. दोन दिवसांत ओटा गेला, टाइल गेल्या, खिडकीखालचा न्हाणीघरासारखा मोरीचा कोपराही गेला. पॅसेजमध्ये राडारोड्याच्या एकतीस गोण्या उभ्या राहिल्या आणि सोसायटीचं पत्र आलं. राडारोडा कुठेही टाकायचा नाही, तो ठरलेल्या जागी द्यायचा, असा केंद्राचा नियम २०१६पासून आहे. कंत्राटदार म्हणाला, "रात्री उचलतो." रात्रीच का, असं आईने विचारलं. तो नुसता हसला.

मग शांतता. गवंडी गावी गेला होता. तो आला तेव्हा प्लंबर दुसऱ्या साइटवर होता. प्लंबर आला तर टाइल संपल्या होत्या, आणि नव्या आणलेल्या टाइलची छटा आधीच्यांशी जुळेना. फोनवर कंत्राटदाराचं एकच उत्तर, "निघालोच आहे." तो नक्की कुठून निघत असे, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यातल्या एका दुपारी प्लायवूड आलं. ट्रॉल्यांसाठी ७१० ठरलं होतं, म्हणजे मरीन प्लाय, ज्याचा तुकडा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. आईने चष्मा लावून प्रत्येक फळीवरचा शिक्का वाचला. ३०३.

"काकू, दोन्ही वॉटरप्रूफच."

"मग ७१०चे पैसे का घेतलेत?"

फळ्या परत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर सुतारही आठ दिवस गेला. या भांडणात आई जिंकली, याचा तिला आजही अभिमान आहे. मला मात्र वाटतं, तो शिक्का तिने वाचलाच नसता तर? बहुतेक घरांत कोण वाचतं!

गणपती आले तेव्हा स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक लोंबती वायर. पाइप गॅसची नळी गॅस कंपनीच्या माणसाशिवाय कोणी हलवायची नाही, आणि ओटा झाल्याशिवाय तो येऊन करणार काय? गौरीचा नैवेद्य हॉलमध्ये, इंडक्शन शेगडीवर. पुरणाचं पितळी पातेलं तिच्यावर ढिम्म तापेना, त्या शेगडीला लोह असलेलं बूड लागतं. शेवटी कुकरमध्येच पुरण शिजवलं, तिथेच आटवलं, आणि पोळ्या शेजारच्या काकूंच्या तव्यावर भाजल्या. त्या काकूंनी रोज संध्याकाळी "झालं का हो?" विचारायचं व्रतच घेतलं होतं.

ओटा ऑक्टोबरात बसला. काळा ग्रॅनाइट, चकचकीत, कडेला गोलाई. आईने पहिल्यांदा कोथिंबीर धुतली आणि पाणी सिंककडे न जाता सरळ पुढे आलं, कडेवरून उतरलं आणि तिच्या पावलांवर पडलं. जुन्या ओट्याला पुढे बोटभर उंच काठ होता. तो का होता, हे त्या दिवशी कळलं.

ग्रॅनाइटवाला म्हणाला, खालचा कडप्पाच पुढे झुकलेला, मी वर चिकटवलं फक्त. गवंडी म्हणाला, मी पाणसळ लावूनच बसवला होता, प्लंबरने सिंकसाठी खालून ठोकाठोक केली. प्लंबर म्हणाला, सिंकचं भोक मी कापलेलं नाही. प्रत्येकाचं काम त्याच्यापुरतं बरोबर होतं. चूक होती ती दोन कामांच्या सांध्यात, आणि त्या सांध्यावर लक्ष ठेवायचे पैसे ज्याने घेतले होते तो म्हणाला, "काकू, एक वायपर ठेवा ना हाताशी."

शिवाय ओटा चौतीस इंचांचा. जुना तीसचा होता. आईची उंची चार फूट अकरा इंच, वर शेगडीची उंची वेगळी. कढईत काय चाललंय हे बघायला ती आता पाटावर उभी राहते. माप घेताना तिला कोणी उभं करून बघितलंच नव्हतं. मीही नाही.

मी जिल्हा ग्राहक आयोगाची माहिती काढली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत. मग पुरावे गोळा करायला बसलो. डायरीचं एक पान, सही नसलेलं, आणि व्हॉट्सअॅपवर त्याने पाठवलेले सत्तावीस अंगठे. ते ६१ हजार २०० रुपये वाचवले होते, त्यांची तेव्हा फार आठवण झाली.

९ नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, शेवटची ट्रॉली बसली. चौऱ्याऐंशीवा दिवस. आईने पंधरा हजार राखून ठेवले होते. ते न्यायला तो डिसेंबरात आला, नवा शर्ट घालून. आईने चहा टाकला, त्याला ओट्याशी बोलावलं आणि एक शब्द न बोलता तांब्याभर पाणी ग्रॅनाइटवर ओतलं. पाणी पुढे आलं. त्याने मोजे घातले होते.

"थोडा ढाळ आहे खरा," तो म्हणाला.

आईने तांब्या पुन्हा नळाखाली धरला.

पंधरातले दहा घेऊन तो गेला. चहा मात्र त्याने ओट्यापासून हातभर लांब, उभ्यानेच घेतला.