दारूचे माप

दिवाळीत फटाक्यांचा धूर नाकात गेला, की मला आमचे सांगोल्याचे शेत आठवते, आणि पाडव्याची ती सकाळ.

आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. कोवळ्या शाळूवर हरणे पडत. त्यांना हुसकावायला रिकामा बार पुरे. रानडुकरासाठी मात्र गोळी. दारू मोजायला बांबूच्या पेराचे माप असे, आणि गजावर कानशीने केलेल्या दोन खुणा : एक वाटोळ्या गोळीची, दुसरी लांबट गोळीची. बार नीट ठासला, की ज्या गोळीची खूण ती बरोबर नळीच्या तोंडाशी येई.

मी तेव्हा बारा वर्षांचा. आजोबांनी लांबट, जड गोळी काढून ठेवली होती. मला वाटले, ओझे जड तर बैलही जास्त जुंपावेत! त्यांचा डोळा चुकवून मी माप शिगोशीग भरले आणि बार ठासला.

आजोबांनी गज घालून पाहिला. खूण दोन बोटे वर! ते रागावले नाहीत. त्यांनी नळीत पाणी ओतले, गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली आणि म्हणाले, "बाळ, हलकी गोळी लगेच वाट सोडते. जड गोळी हलेपर्यंत धूर आत कोंडतो, अन् कोंडलेला धूर नळी फोडतो. जड गोळीला दारू कमीच घालायची."

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे अर्धीच होती. ती कशी गेली, हे मला त्या दिवशी न विचारता कळले.

पुढे वाचनात आले, की .303 रायफलीची गोळी आधी 215 ग्रेनची होती. 1910 च्या काडतुसात ती 174 ग्रेनची झाली आणि वेग सेकंदाला सुमारे 2060 फुटांवरून 2440 वर गेला. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातही ही काडतुसे बनत. 7000 ग्रेनचा एक पौंड. इतक्या बारीक वजनावर तिथे दारू तोलायची. आजोबा बांबूच्या पेराने मापीत. नियम मात्र एकच.

1972 च्या कायद्याने हरणांना अभय मिळाले. बंदूकही आम्ही सरकारजमा केली. गज तेवढा घरी आहे. दिवाळीत मी तो पुसून ठेवतो, आणि नातवंडे भुईनळा लावू लागली, की खुर्ची सोडून त्यांच्याजवळ जाऊन उभा राहतो.