रूट न देणारे सर

आमच्या प्रयोगशाळेचा सर्व्हर सांभाळणारे सर रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड कुणालाच देत नसत. मी पुण्यात नवा होतो, घर तळोद्याचं, आणि काम सिकलसेलच्या हिमोग्लोबिनवर. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं; ही अदलाबदल व्हर्नन इनग्रॅमने 1957 मध्ये केंब्रिजमधून दाखवली. एवढ्याशा बदलाने रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. आमच्या भागातल्या अक्कलकुवा-धडगावच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत या आजाराने काय होतं, ते मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

रेणूची हालचाल मांडायला ग्रोमॅक्सची नवी आवृत्ती हवी होती; सर्व्हरवर जुनी. मी सुडो, म्हणजे रूटच्या हक्काने आज्ञा चालवायची मुभा, मागितलं.

"सुडो कशाला? तुझं होम आहे ना? तिथं टाक की."

आणि शेजारी खुर्ची ओढून त्यांनी शिकवलंच. सोर्स उतरवायचा, सीमेकला आपल्या होममधल्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, मग मेक आणि मेक इन्स्टॉल. शेवटी बॅशआरसीत पाथच्या अगदी सुरुवातीला आपलं बिन लिहायचं. शेल पाथ क्रमाने चाळतो, त्यामुळे आपली आवृत्ती आधी सापडते आणि जुनी इतरांसाठी जागच्या जागी राहते. कंपायलर चालवायला कुणाची परवानगी लागत नाही, लिहायला आपली जागा असली की झालं.

"आणि नाईस लावून चालव," ते म्हणाले. "बाकीच्यांचीही कामं आहेत." साध्या वापरकर्त्याला आपल्या कामाचा अग्रक्रम कमी करता येतो, वाढवता येत नाही. युनिक्सचा हा नियम मला फार आवडतो.

सुटीत तळोद्याला आलो की खरी परीक्षा. पावसाळ्यात वीज जायची, मागोमाग मोबाइलचं नेटवर्क. जोडणी तुटली की शेलला हँगअप सिग्नल जातो आणि चालू काम मरतं. टेलिफोनवरच्या मॉडेमच्या काळातली ही रीत. त्यावर सरांनी स्क्रीन नावाचा प्रोग्राम दिला. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमानने तो 1987 मध्ये लिहिला. स्क्रीनमध्ये सोडलेलं काम पुण्यात चालूच राही. वीज आली की पुन्हा एसएसएच करायचं, स्क्रीन जोडून घ्यायचा, आणि सिम्युलेशन कितीतरी पुढे गेलेलं असायचं.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव घातलं, ते पान दाखवायला गेलो. त्यांनी ते उलटून सरळ संदर्भसूची उघडली.

"ग्रोमॅक्सवाल्यांचा उल्लेख कुठंय?"