एकवीस आणि पंचेचाळीस

तारापूर एमआयडीसीत लेथवर जॉबवर्क करणाऱ्याचं आयुष्य तारखांना टांगलेलं असतं. ११ तारखेला जीएसटीचं एक रिटर्न, २० तारखेला दुसरं, महिन्याच्या सुरुवातीला पोरांचे पगार, आणि कंपनीतल्या पर्चेसच्या साहेबांचं बारमाही ‘पुढच्या सोमवारी या’. बायकोच्या छातीतली गाठ कर्करोगाची निघाली, तेव्हा या साऱ्यांच्या डोक्यावर आणखी एक तारीख येऊन बसली : दर २१ दिवसांनी केमो.

लघुउद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे अडवू नयेत असा २००६चा कायदा आहे. पण तो हातात घेऊन गेटवर भांडायला गेलं की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते, हे इथं सगळ्यांना ठाऊक. म्हणून ४५ चे नव्वद होतात. २१ मात्र २१च राहतात. रक्ताचे काउंट उतरले तरच डॉक्टर केमो पुढे ढकलतात, आणि पैशांची सोय करायला मिळालेली ती सवड नकोशी वाटते. मोठ्या कारखान्यातल्या कामगाराकडे निदान ईएसआयचं कार्ड असतं. दोन-तीन मशिनच्या मालकाला लोक ‘शेठ’ म्हणतात, एवढंच.

केमोच्या दिवशी बोईसरहून पहाटेची गाडी. उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे. वैतरणेच्या पुलावर कधी उजाडतं, कधी नाही. विरारला गाडी बदलायची, दादरला उतरायचं, पुढे परळचं टाटा रुग्णालय. परतीची ताकद नसेल तर काय, म्हणून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशीही करून ठेवलेली. डोक्याला रुमाल बांधून ती खिडकीशी बसते आणि विचारते, “अहो, इम्पेलरच्या चलनावर सही घेतलीत का?” मी म्हणतो, आराम कर जरा. ती म्हणते, “तोच करतेय.”

गाळ्याचे हिशेब पहिल्यापासून तीच लिहायची. कोणाला किती उचल दिली, कोणत्या कंपनीचा शाफ्ट बिलाविना गेला, सगळं तिच्या अक्षरात. आता कटिंग ऑइलच्या वासानं तिला मळमळतं. मी गाळ्यावरून आलो की थेट मोरीत जातो, आंघोळ करतो, मग तिच्याजवळ. पण वही मात्र तिला लागतेच. वहीलाही तो वास आहे, तो तिला चालतो.

लोक मायेनं सांगतात, शटर ओढ आणि तिच्यापाशी बस. बसून काय बोलायचं, हे कोणी सांगत नाही. दवाखान्यात ती केसपेपर असते, नातेवाइकांत ‘बिचारी’, आणि घरात मीसुद्धा तिच्याकडे तापाची पट्टी बघावी तसा बघतो. फक्त धंद्याचं बोलणं निघालं की ती माझ्यावर पहिल्यासारखी चिडते.

टाटा रुग्णालयाच्या बाकावर बसलं की दोराबजी टाटा आठवतात. १९२४ साली जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात पगाराला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी आपली मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात पत्नी मेहेरबाईंचा सुमारे २४५ कॅरेटचा ज्युबिली हिराही होता. १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, पुढच्या वर्षी दोराबजीही. त्यांच्या ट्रस्टनं उभारलेलं हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. बायकोच्या दागिन्यावर तगलेला धंदा हा काही फक्त आमच्या गाळ्यांतला प्रकार नव्हे. आमच्या घरच्या पाटल्या आधी लेथसाठी सोनाराकडे गेल्या होत्या. सोडवून आणल्या, आणि आता परत गेल्या. ती म्हणाली, “तेव्हा तुमच्या मशिनला, आता मला. हिशेब बरोबर आहे.”

हल्लीच्या एका कोटेशनवर तिनं खाली ओळ टाकली : निम्मी रक्कम आगाऊ. पर्चेसच्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, हे नवीन काय काढलंत? मी म्हटलं, आमच्या भागीदाराची अट आहे. ऑर्डर येईल, न येईल. ओळ खोडायची नाही, असं आमचं ठरलं आहे.