कोनी आयलंड: काही टिपणे

१.
न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्सला सबवेच्या एफ गाडीत बसलं की थेट समुद्रकाठचं कोनी आयलंड. मधे कुठे बदलायची नाही. गाडी बराच वेळ जमिनीखालून जाते आणि ब्रुकलिनमध्ये गोवानस कालव्यापाशी एकदम उन्हात वर येते. पुढे रुळांलगत ज्यूंची जुनी दफनभूमी, दगडाला दगड लागून. त्यानंतर थोड्याच वेळात पाळणे दिसतात.

२.
आम्ही चौघं एकाच इमारतीतले भाडेकरू. मित्र ढाक्याचा, सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. एक मैत्रीण काठमांडूची, नेल सलूनमध्ये. दुसरी मेक्सिकोतल्या पुएब्लाची, बेकरीत. मी मिरजेची, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर. चौघांची सुट्टी एका दिवशी येणं हाच सण. जुलैतल्या एका रविवारी ती आली.

३.
आत शिरायला तिकीट नाही. समुद्र, वाळू, १९२३ साली खुला झालेला फळ्यांचा लांबलचक रस्ता, सगळं फुकट. पैसे फक्त पाळण्यात बसायचे. रिकाम्या खिशाच्या माणसालाही इथे दिवसभर कोणी ऊठ म्हणत नाही. मला या जागेचं मोठेपण यातच वाटतं.

४.
१९२० पासून सबवेने इथवर पाच सेंटांत येता यायचं. 

५.
नेथन हँडवर्कर १९१२ साली गॅलिशियातून आला. इथल्या फेल्टमनच्या हॉटेलात राबला, तिथे हॉट डॉग दहा सेंटला मिळायचा. १९१६ मध्ये त्याने जवळच स्वतःचं दुकान टाकलं आणि पाच सेंटला विकायला लागला.
आमच्यात दोघी बीफ खात नाहीत, एकाला हलालच लागतं. पुएब्लावालीने नेथनच्या दुकानातून हॉट डॉग घेतला. बाकीच्यांनी नागमोडी कापांचे तळलेले बटाटे, लाल प्लास्टिकच्या इवल्याशा काट्याने, एकाच पुड्यातून. शेवटचा काप कोणी घेईना. मग मित्राने त्याचे काट्यानेच तीन तुकडे केले.

६.
सायक्लोन रोलर कोस्टर: १९२७ सालचा, ८५ फूट उंच, रूळ लाकडावर बसवलेले. वर चढताना साखळीची खडखड बाकाच्या पाठीतून मणक्यात उतरते. माथ्यावर क्षणभर समुद्र दिसतो. मग काही दिसत नाही. ढाक्याच्या मित्राने माझं मनगट इतकं आवळलं की त्याची चार बोटं मोजता आली.

७.
शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी म्हणून सायक्लोन पाडायचं घाटत होतं. लोकांनी पाडू दिला नाही. चांगलं केलं.

८.
१९०३ ते १९४३ इथे एक खेळ चालायचा: काचेच्या पेटीतली अपुऱ्या दिवसांची बाळं. चालवणारा मार्टिन कूनी, तोही युरोपातून आलेला. बहुतेक इस्पितळांत तेव्हा अशा बाळांची सोय नव्हती. कूनी बघ्यांकडून पंचवीस सेंट घ्यायचा, त्यात नर्सा, दूध, सगळं भागवायचा. आईबापांकडून काही घेत नसे. १९११ मध्ये इथलं ड्रीमलँड हे करमणूक उद्यान जळालं तेव्हा सगळी बाळं वाचली. स्वतःची मुलगी लवकर जन्मली, तर तिलाही त्याने पेटीत ठेवलं. त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी असल्याचा पुरावा सापडलेला नाही.
माझा धाकटा भाऊ सातव्या महिन्यात झाला. त्यालाही पेटीत ठेवलं होतं. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. कूनीबद्दल मला आदर वाटतो, पदवीसकट किंवा पदवीशिवाय.

९.
वंडर व्हील हा पाळणा, १९२०. दीडशे फूट. चोवीस डबे, त्यातले आठ जागच्या जागी, बाकीचे सोळा रुळांवरून आतबाहेर घसरतात. त्यामुळे रांगा दोन: हलणाऱ्यांची आणि न हलणाऱ्यांची. आम्ही हलणाऱ्यांत. डबा घसरला की पोट आधी पुढे जातं, आपण नंतर.

१०.
वरून आईला व्हिडिओ कॉल. इथे दुपार, मिरजेत रात्रीचे साडेनऊ.
“उरुसातल्या पाळण्यात बसवलं तर रडली होतीस.”
“आता नाही रडत गं.”
“जेवलीस का? आणि ती मुलगी कोण, तिला कड्यापासून मागं सरक म्हणावं.”
काठमांडूची मैत्रीण मराठी न कळताच मागे सरकली.

११.
१३ जुलै १९७७, शहरभर वीज गेली. वंडर व्हील हाताने फिरवून लोकांना खाली उतरवलं.

१२.
डेनोस वूर्डेरिस ग्रीसहून खलाशी म्हणून आला, मग खाद्यपदार्थांची गाडी ढकलू लागला. १९४८ मध्ये याच पाळण्यापाशी लुलाला लग्नाचं विचारलं आणि एक दिवस हा पाळणा तुझ्यासाठी घेईन म्हणाला. १९८३ साली घेतला. आजही पाळणा त्याच कुटुंबाकडे आहे.
पुएब्लावालीने हे ऐकून मित्राकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता.

१३.
मित्राला या शहराचे पत्ते, जिने, बेल तोंडपाठ. समुद्रात पाय मात्र आजच बुडवले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून अर्धा तास उभा. फोन वाजला, त्याने बंद केला.

१४.
सायक्लोनमध्ये परत बसायचं का? मतदान: तीन नाही, एक हो. काठमांडूची एकटी गेली आणि पुढच्या बाकावर बसली. आम्ही कठड्याशी उभं राहून तिच्या नावाने ओरडलो, बांगलात, स्पॅनिशमध्ये, मराठीत. शेजारची अनोळखी माणसंही ओरडायला लागली.