शिडाची फळी आणि रायगडचा किनारा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रो-रो बोट साधारण तासाभरात मांडव्याला लागते. मार्च २०२० मध्ये ही सेवा सुरू झाली आणि मोटारीसह सारे कुटुंब घेऊन अलिबागची वाट धरणे सोपे झाले. मग सहलीची वाटणी ठरलेली असते. वडीलधाऱ्यांना कुलाबा किल्ला आणि सुरूच्या झाडांची सावली, लहानांना वाळू, आणि तरुणांना पाण्यावरचे खेळ. या खेळांच्या यादीत अलीकडे विंडसर्फिंगचे नाव येऊ लागले आहे. परदेशी शिक्षणासाठी गेलेला मुलगा किंवा मुलगी सुटीत घरी येते आणि विचारते, ‘लाटांवर शीड घेऊन जायचे आहे; ते इथे कुठे शिकता येईल?’ घरातील मोठ्यांना उत्तर ठाऊक नसते. म्हणून एक तर सरळ नकार मिळतो, नाही तर डोळे झाकून होकार दिला जातो. यांतील दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे.

मुळात हा खेळ समजून घेणे कठीण नाही. एक रुंद फळी, तिच्यावर उभा डोल, डोलाला शीड आणि हाताने धरावयाचा आडवा दांडा. डोल फळीला पक्का जखडलेला नसतो; तो अशा सांध्यावर बसविलेला असतो, की कोणत्याही दिशेला कलावा. या फळीला सुकाणू नाही. शीड पुढे कलविले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते. मागे कलविले की ते वाऱ्याकडे येते. अमेरिकेत न्यूमन डार्बी याने १९६४ च्या सुमारास अशी शिडाची फळी तयार केली. १९६८ मध्ये हॉइल श्वाइत्झर व जिम ड्रेक यांनी आपल्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि तेथून हा खेळ जगभर पसरला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी त्याचा समावेश झाला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या इबाद अली यांनी या प्रकारात कांस्यपदक मिळविले.

शिकणाऱ्याला लागणारा वारा आणि लाटांवर खेळणाऱ्याला लागणारा वारा यांत मोठे अंतर आहे. पहिले धडे ६ ते १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ११ ते २२ किलोमीटर वाऱ्यात गिरवावेत. फळी रुंद व जाड हवी, २०० लिटरच्या आसपास आकारमानाची. तिच्यावर उभे राहून दोरीने शीड पाण्यातून वर ओढता येते. लाटांची फळी याच्या निम्म्याहूनही लहान असते. तिच्यावर स्थिर उभे राहणे नवख्याला जमत नाही. पाण्यात पडल्यावर वाऱ्याच्याच जोराने शिडासह वर उचलले जाण्याची हातोटी लागते. हे कौशल्य अंगवळणी पडण्यापूर्वी लाटांत उतरणे म्हणजे गाठीला भांडवल नसताना सट्टा खेळणे होय. व्यापारी घरातील तरुणाला हे वेगळे सांगावे लागू नये.

रायगडच्या किनाऱ्याचे तोंड पश्चिमेला आहे. पावसाळा सोडला तर येथील वाऱ्याचा दिनक्रम बहुधा ठरलेला असतो. रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्यात तो बहुधा वायव्येकडून, किनाऱ्याला तिरका येतो आणि सूर्य कलला की मंदावतो.

सकाळचे पाणी आरशासारखे दिसते, त्यामुळे नवख्याला तीच वेळ शिकण्यास योग्य वाटते. प्रत्यक्षात ती अधिक फसवी आहे. मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगत लाट उठत नाही. पण तोच वारा फळीला हळूहळू खोल समुद्राकडे नेतो, आणि परत येण्यासाठी वाऱ्याच्या विरुद्ध चढावे लागते. ती कला सर्वांत उशिरा साधते. दुपारचा वारा पाणी थोडे खवळवतो, अनेकदा पाडतो, पण पडलेल्याला किनाऱ्याकडेच ढकलतो. जूनपासून नैर्ऋत्येचा मोसमी वारा येतो, तेव्हा मात्र काही निवडायचे उरत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचही पावसाळ्यात थांबतात. समुद्रावर पोट असलेली माणसे ज्या दिवसांत घरी बसतात, त्या दिवसांत हौशी माणसाने पाण्यात जाऊ नये.

वाऱ्याइतकेच महत्त्व भरती-ओहोटीला आहे. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. कोकणात यासाठी एक जुना हिशेब आहे : पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्दशीला साडेदहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा, अष्टमीला सहा. अष्टमी-चतुर्दशीसाठी पंचांग पाहणाऱ्या घरांत हा हिशेब क्षणात मांडता येईल. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी, ऐन वाऱ्याच्या वेळी, उधाणाची जोरदार ओहोटी लागलेली असते. पाणी बाहेर ओढते, वारा आत ढकलतो; खाडीच्या मुखाशी या दोहोंच्या झगड्यातून उभ्या, आखूड लाटा उठतात. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाण्याची ओढ कमी आणि दुपारी बारानंतर पाणी हळूहळू चढते. त्यामुळे शिकणाऱ्याने सहलीची तारीख ठरविताना रविवारच्या आधी तिथी पाहावी.

आता हाच किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत जाऊ. मांडव्याचा परिसर मुंबई बंदराच्या मुखाशी आहे. शिडाच्या नौका चालविण्याचे शिक्षण या भागात मिळते, आणि वारा ओळखायला शिकण्याची ती उत्तम सुरुवात आहे. मात्र येथे बोटींची वर्दळ मोठी असल्याने एकट्याने फळी काढू नये. किहीम ओलांडून थळला आले की समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हा इंग्रजांनी आपली मोठी जहाजे आणून बेटाला वेढा घातला. मायनाक भंडारी यांच्या लहान होड्या त्यांना चुकवून बेटावर रसद पोचवीत राहिल्या. वारा पडला की जड जहाजे जागीच अडकत आणि वल्ह्यांच्या हलक्या होड्या निसटत. या पाण्यात वारा व ओहोटी जाणणारा तरला, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. ज्या खडकांवरून पर्यटक चालत जातात, तेच खडक भरतीत फळीच्या खाली लपलेले असतात. म्हणून शिकू पाहणाऱ्याने आधी पूर्ण ओहोटीला येऊन किनाऱ्याचा तळ डोळ्यांनी पाहून घ्यावा. नागावचा किनारा लांब व वाळूचा; पण तेथे मोटारबोटींचे खेळ चालतात आणि सुटीच्या दिवशी शिडाला मोकळी जागा उरत नाही. रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते. पलीकडे कोर्लईचा किल्ला, अलीकडे पोर्तुगीज तटबंदी, सारे दृश्य देखणे. परंतु नदीमुखाचा प्रवाह नवख्यासाठी नाही. काशीदची वाळू पांढरी आणि लाट जोरकस. लाटांचे स्वप्न पाहणाऱ्याचे मन येथेच गुंतते. ज्याला वाऱ्याच्या विरुद्ध चढता येते आणि पडल्यावर पुन्हा उभे राहता येते, त्याने येथे जाणत्या माणसासोबत उतरावे. इतरांनी काठावरून पाहावे.

मुरुडचा किनारा सपाट, रुंद आणि दिसायला सर्वांत सौम्य आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयातील १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. उधाण नव्हते, वादळ नव्हते, पावसाळाही नव्हता. वर सांगितलेला तिथीचा हिशेब उपयोगाचा आहे, पण त्याने अभय मिळत नाही, हे या तिथीने दाखवून दिले. पंचांग पाण्याची वेळ सांगते. पाण्यात ओढल्या गेलेल्याला बाहेर काढण्यासाठी काठावर माणूस आणि होडी लागते.

म्हणून पालकांनी ‘कोणता किनारा?’ या प्रश्नाआधी ‘परत कोण आणणार?’ हा प्रश्न विचारावा. शिकविणाऱ्याकडे तयार मोटारबोट आहे काय, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, तरंगते जाकीट सक्तीचे आहे काय, आणि वारा जमिनीवरून वाहू लागला तर तो वर्ग थांबवितो काय? उत्तर देताना जो शिक्षक कुरकुरतो, त्याच्याकडे फी भरू नये. विद्यार्थ्यालाही समाधानकारक पोहता यावे आणि तीन गोष्टी तोंडपाठ असाव्यात : संकटात फळी सोडायची नाही, शीड गुंडाळून फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवायचे, आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करायचे. घरच्यांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक जवळ ठेवावा.

पहिले धडे समुद्रावरच घ्यावेत असेही नाही. गोव्यात पणजीजवळ केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. भोपाळच्या मोठ्या तलावावर आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या नौका शिकविल्या जातात. ज्या आशियाई स्पर्धेत इबाद अली यांना पदक मिळाले, त्याच स्पर्धेत नेहा ठाकूर या मुलीने लहान नौकेच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकले. तिचे शिक्षण भोपाळच्या शाळेत, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर, तलावाच्या पाण्यावर झाले होते. तलावावर वारा शिकावा, मग फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या एखाद्या अष्टमीला, दुपारी, मोकळ्या व वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राची ओळख करून घ्यावी. लाटांचा विचार पुढच्या हंगामात करावा.

तोवर मुरुडच्या दक्षिणेस राजपुरीला अवश्य जावे. तेथून जंजिऱ्याकडे प्रवाशांना नेणाऱ्या होड्या आजही शिडावर चालतात. होडी किल्ल्याच्या दरवाजाशी आणताना तांडेल शीड केव्हा सोडतो, कसे वळवितो, पाण्याकडे किती वेळा पाहतो, हे तरुणाने शेजारी बसून पाहावे. उन्हे उतरली की खारा वारा ओसरतो आणि होड्या धक्क्याला लागतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या कुटुंबालाही परतण्याची तीच वेळ सोयीची असते. फळी न घेता घालविलेली अशी एक दुपार नवख्याच्या शिक्षणात मोजावी.