अर्धी भूल, पुरी भूल

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कानावर पडलेला शब्द तो सरळ आत जाऊ देत नाही. दारात उभा करून त्याचे गाव-कूळ विचारतो. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये वाशीच्या एका प्लास्टिक सर्जननी मला विचारले, "सर, भूल कोणती द्यायची? तेवढ्या जागेपुरती, की पुरी?" खरे म्हणजे तेव्हा मी घाबरायला हवे होते. पण मी मनात म्हटले, काय शब्द आहे! चूक तीही भूल, मोह तोही भूल आणि शुद्ध हरपविणारे औषध तेही भूल! परिभाषेत 'बधिरीकरण' असा भारदस्त शब्द आहे. पण मराठी रोग्याला इस्पितळात मिळते ती भूलच, आणि ती देणाऱ्याला आपण भूलतज्ज्ञ म्हणतो. आयुष्यात इतक्या भुला करूनही मला ही पदवी कोणी दिलेली नाही!

असो. विनोद करून मी मूळ गोष्ट टाळतो आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. तीस वर्षे मी तेच करीत आलो.

माझे बालपण वाईला गेले. वाईचा मुलगा आणि पोहत नाही, असे सहसा होत नाही. उन्हाळ्यात दुपारी आम्ही कृष्णेच्या घाटावर पडलेले असू. मी चौदा वर्षांचा झालो आणि माझी छाती दोन्ही बाजूंनी वाढू लागली. मुलींची वाढते तशी. एके दिवशी सदरा काढून मी घाटाच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा पाण्यातून एका सोबत्याने हाक मारली, "या वहिनी, या!" सगळे हसले. मीही हसलो. सदरा पुन्हा अंगात घातला आणि घरी आलो. त्यानंतर मी नदीत उतरलो नाही.

या अवस्थेला डॉक्टर 'गायनेकोमास्टिया' म्हणतात. स्त्री आणि स्तन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा हा समास. वयात येताना पुष्कळ मुलांना हे होते आणि बहुतेकांचे वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते. थोड्यांचे राहते, त्या थोड्यांत मी. ही नुसती चरबी नसते; आत ग्रंथीची घट्ट गाठ असते, म्हणून जोर-बैठकांनी ती जात नाही. मी पाच वर्षे काढलेल्या जोर-बैठकांची ही हकीकत मला फार उशिरा कळली! हे दुखणे नवेही नाही. सातव्या शतकातल्या एजिनाच्या पॉल या ग्रीक वैद्याने त्यावरची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीही कोणी तरी नदीवर जाणे सोडले असेल.

मी काय काय युक्त्या केल्या म्हणून सांगू! उन्हाळ्यातही आत दोन बनियन. खांदे पुढे झुकवून चालणे. वर्गात हजेरीपट आणि पुस्तक कायम छातीशी धरणे. सरांचे पुस्तकांवर केवढे प्रेम, असे मुलांना वाटते. दिवाळीतले पहिले अभ्यंगस्नान मी नेहमी न्हाणीघराचे दार लावून, आपले तेल आपणच चोळून उरकतो. अठरा वर्षांच्या संसारात हा विषय आमच्या घरात एकदाही निघाला नाही. मी काढला नाही, म्हणून सौभाग्यवतींनीही काढला नाही. आणि नेरूळच्या आमच्या सोसायटीत तिला कोणी "वहिनी" म्हणून हाक मारली, की आजही आधी माझी मान वर होते.

तर प्रश्न होता भुलेचा. सर्जननी आधी रक्त, यकृत, थायरॉइड, हॉर्मोन्स असे सगळे तपासून घेतले. कारण कधी कधी एखादे औषध किंवा आतला दुसराच आजार याच्या मुळाशी असतो. तसे काही निघाले नाही. मग त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. जागेपुरती भूल म्हणजे दात काढताना देतात तेच लिग्नोकेन, पुष्कळशा सलाइनमध्ये विरळ करून आणि त्यात रक्तस्राव कमी करणारे ॲड्रिनॅलिन घालून छातीच्या चरबीत भरायचे. रोगी जागा राहतो. दुखत नाही, पण ओढाताण आणि दाब कळतो. पुरी भूल म्हणजे सहा तास आधीपासून अन्न बंद, शुद्ध नाही, घशातून श्वासासाठी नळी, आणि उशाशी भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर. मागाहून कधी मळमळते, घसा दुखतो. धोका निरोगी माणसाला कमी, पण शून्य नव्हे.

"अर्धीच द्या," मी ताबडतोब म्हणालो. "म्हणजे संध्याकाळी लोकलने एकटा घरी जाता येईल."

डॉक्टर हसले. "सर, लोकल ॲनेस्थेशिया म्हणजे लोकलने घरी जाणे नव्हे! तेव्हाही सोबत कोणी असलेले बरे."

वाशीहून नेरूळला गाडीत उभा असताना मी स्वतःला पुष्कळ कारणे दिली. जागे असलेले बरे, पुऱ्या भुलेत माणूस परत आला नाही तर काय! पण खरे कारण मला ठाऊक होते. अर्धी भूल घेतली तर दाढ काढायला गेलो होतो असे घरी सांगता येणार होते. पुऱ्या भुलेला सोबत माणूस लागतो, आणि माणूस म्हटले की सांगणे आले.

प्राध्यापकाला भीती वाटली की तो ग्रंथालयात जातो. तिथे मी या शोधाचा इतिहास वाचून काढला. १८४६ साली बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथर हुंगवून रोग्याला निजविले आणि पुरी भूल जगाला माहीत झाली. अर्धी त्यानंतर अडतीस वर्षांनी आली. १८८४ साली व्हिएन्नाच्या कोलरने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला. पण त्याआधी जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्याने १८०४ साली वनस्पतींचा काढा पाजून एका बाईच्या स्तनातली गाठ काढली होती. पुऱ्या भुलेची नोंद झालेली ती फार जुनी शस्त्रक्रिया, आणि तीही छातीचीच! आणि आपल्या पुण्यात? टिपूशी झालेल्या युद्धात नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला इथे कपाळाच्या कातड्याचे नवे नाक बसविले गेले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ती हकीकत छापली. आजचे भुलेचे औषध तेव्हा कुठले! पण कावसजीचे नाक गेलेले साऱ्या छावणीला दिसत होते. त्याला लपविण्याची मेहनत नव्हती.

चार दिवसांनी भूलतज्ज्ञ बाईंनी तपासले. तोंड उघडायला लावले. दमा आहे का, घोरता का, गोळ्या कोणत्या घेता, विचारले. रक्तदाब पाहून त्या थबकल्या. "सर, एवढा वाढलाय? घरी कुणाला सांगितलंय का तुम्ही?" मी ईसीजीच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उत्तर ठेवले तिथेच.

त्या रात्री मी घरी आलो, तेव्हा सौभाग्यवती स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती. समोर ओट्यावर ईसीजीची जुनी पावती. मागच्या आठवड्यात धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात ती राहिली होती.

"अहो, हृदयाचं काय निघालंय?" ती म्हणाली. "आठ दिवस वाट बघतेय मी, तुम्ही सांगाल म्हणून. मला झोप नाही."

तेव्हा मी सांगितले. वाईचा घाट, ती हाक, दोन बनियन, सगळे. ती ऐकत राहिली आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं, तुम्ही चाललात." थोड्या वेळाने ती रागावली, आणि ते योग्यच होते. "माझ्यापासून काय लपवायचं होतं? मला काय डोळे नाहीत?"

मी विचार करीत राहिलो. अर्धी भूल मी मागत होतो खरा. पण ती मी तीस वर्षे घेतच आलो होतो. शरीराची तेवढी जागा बधिर करून ठेवायची आणि बाकीच्या माणसाने नोकरी करायची, संसार करायचा, तासावर विनोद सांगायचे. तिचा अंमल माझ्यापुरता होता. शेजारच्या माणसाला ती लागू पडत नव्हती.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघे गेलो. आता लपविण्याचा प्रश्न उरला नव्हता, म्हणून भुलेचा प्रश्न प्रथमच भुलेचा म्हणून विचारता आला. डॉक्टर म्हणाले, चरबीच जास्त असती किंवा गाठ लहान असती, तर मी अर्धीच सुचविली असती. पुष्कळांचे तेवढ्यात छान होते. पण तुमच्या ग्रंथी दोन्हीकडे मोठ्या, जुन्या आणि घट्ट आहेत. हात पसरून तास-दोन तास जागे पडायचे, आणि बोलता बोलताच तुमचा रक्तदाब चढतो. औषधालाही वजनाप्रमाणे मर्यादा असते. बाईंनीही मान हलविली. निर्णय मात्र त्यांनी माझ्यावर सोडला. मी पुरी भूल घेतली.

मेच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. नाकातोंडावर मुखवटा आला. मी मनात मुळाक्षरे म्हणू लागलो, आणि 'ङ'पर्यंतही पोचलो नाही. शुद्धीवर आलो तो घसा खवखवत होता, छातीला घट्ट पट्टा होता आणि सौभाग्यवती पेल्यातले पाणी चमच्याने पाजत होती. पुढे सहा आठवडे नवी मुंबईच्या घामट हवेत ते घट्ट जाकीट घालून काढले. त्याची कहाणी मात्र विनोदी नाही.

मग दिवाळी आली. नरक चतुर्दशीच्या पहाटे सौभाग्यवतीने दिवाणखान्यातच पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि तेलाची वाटी घेऊन म्हणाली, "बसा." मी पंचा नेसून उघड्या अंगाने बसलो. शस्त्रक्रियेच्या बारीक खुणांवरून तिचे बोट जरा जपून फिरले, एवढेच. इतक्यात दारावर थाप पडली आणि शेजाऱ्यांचा आवाज आला, "वहिनी! उठलात का? फराळ आणलाय."

तिचे दोन्ही हात तेलाने माखले होते. "अहो, बघता का जरा?" ती म्हणाली.

मी तसाच उठलो आणि दार उघडले.